पांढरा बेडका

आमच्या लमलूमच्या वाडीत सकाळी नऊच्या सुमारास एक प्रकार चालतो. भट्टीमालक हाजी शलबीची गाडी दुधाच्या पिशव्या घेऊन कोळशाच्या भट्ट्यांवर येते. कामगार दातांनी पिशवीचा कोपरा तोडतात, उभ्याउभ्या दूध घशात ओततात आणि मग खाकरायला लागतात. पन्नास-साठ जण एकदम, घशाच्या तळापासून ओढून ओढून. मग वजनकाट्याच्या खोलीची चुना मारलेली भिंत गाठून तिच्या बुडाशी थुंकतात आणि वाकून बघतात, कुणाचा बेडका किती काळा.

"बघ, बघ! नुसतं डांबर निघालं!"

"हे डांबर? माझ्या बायकोच्या डोळ्यांतलं काजळ याहून काळं असतं. परवाचा माझा बघायला हवा होतास."

त्या भिंतीचा खालचा वीतभर पट्टा कायम ओला असतो. उन्हाळ्यात तिथे माश्या घोंगावतात. लहान असताना मी आईचा डबा घेऊन तिथून जायची, तेव्हा ओकारी दाबून जायची. अजूनही जाते.

काळा बेडका म्हणजे दुधाने छाती धुतली, असं आमच्या वाडीचं शास्त्र. दूध प्यायचं, काळं थुंकायचं आणि पुन्हा धुरात शिरायचं. हे शास्त्र कुणी काढलं ते माहीत नाही, पण पाळायला लावणारा माणूस माझ्या घरचाच होता. माझा मामा, उस्ताद अतवा.

मामा भट्टीवर आला तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पेरू, संत्रं, आंबा, सुरू अशी लाकडं रचायची, त्यावर भाताचा पेंढा, त्यावर ओली माती, आणि आत विस्तव कोंडून द्यायचा. दोन-तीन आठवडे ती टेकडी आतल्या आत जळत राहते. आत हवा जास्त गेली तर लाकडाची राख होते, कमी गेली तर ते कच्चं राहतं. बाहेरून बघायला फक्त धूर. आधी पांढरा आणि दाट, मग पिवळट, शेवटी निळसर आणि पातळ. निळा झाला की भोकं लिंपून भट्टी गुदमरवायची. ती वेळ मामाला कळायची. तो भट्टीच्या पाठीवर पातळ चपला घालून चालायचा आणि तळपायाने सांगायचा, "इथे पोकळ झालंय, माती टाका." त्याच्या हाताखाली एकही माणूस भट्टीत धसला नाही. शेजारच्या वाडीत असे तिघे धसलेले मला माहीत आहेत. त्यामुळे त्याला मान होता, आणि तो त्याने कमावलेला होता. हे मी कबूल करते.

बाकीचं मला कबूल करवत नाही. मामा पहाटेपासून धुरात असायचा आणि धुराबाहेर आला की विसाव्यासाठी सिगारेट ओढायचा. दिवसाला एक पाकीट, सणाला दोन. गरीब नावाचा एक गडी, चांगला तिशीचा, तो एकदा तोंडाला ओलं फडकं बांधून आला. मामाने सगळ्यांसमोर ते ओढून काढलं.

"काय रे, हळद लागली की काय तुला? भट्टीला तोंड दाखवायला लाजतोस?"

"धूर फार लागतो उस्ताद."

"मग दूध कशाला देतात? पी. धू. दुपट्ट्यात तोंड लपवून पुरुष होत नाही कुणी."

सगळे हसले. गरीबही हसला. त्यानंतर कुणी फडकं बांधलं नाही.

नबवीयामामी, मामाची बायको, कोळसा चाळायच्या चाळणीवर बसते. चाळणीखाली उडणारी भुकटी धुराहून बारीक असते. ती पापणीत, कानात, भाकरीच्या पिठात, सगळीकडे सापडते. मामी खोकायची आणि डोक्यावरच्या रुमालाच्या टोकात थुंकायची. मामा तो रुमाल हातात घेऊन उजेडात धरायचा आणि माझ्या आईला दाखवायचा. "बघ, हिची अजून धुवायची राहिली आहे. दोन पिशव्या लागतील हिला." जेवायला बसलेलो असताना. मी ताट सरकवून उठायची आणि आई माझ्यावर डोळे वटारायची.

चार-पाच वर्षांपूर्वी मामाचा बेडका पांढरा झाला. मग जवळजवळ यायचाच बंद झाला. वाडीत ती बातमी झाली. मामाने पाकात मुरवलेल्या रव्याच्या वड्या वाटल्या. "सत्तावीस वर्षं धुतली," तो सगळ्यांना सांगत फिरला, "आता काच झाली आहे काच." लोक त्याला भिंतीपाशी घेऊन जायचे आणि थुंकायला लावायचे. नव्या गड्यांना दाखवायचे, बघा, नेमाने दूध प्यायलं की असं होतं.

त्याच काळात मामा वाळायला लागला. झगा खांद्यावरून लोंबायला लागला, गळ्याच्या दोन्ही बाजूंच्या शिरा दोरासारख्या उठल्या, छाती मात्र पिंपासारखी फुगून राहिली. एक वाक्य बोलायला त्याला दोन श्वास लागायचे. भट्टीवर चढताना मध्येच थांबायचा आणि धूर निरखतोय असं दाखवायचा. ओठांचा चंबू करून हळूहळू हवा सोडायचा, जणू काही विचार करतोय. विचारलं तर म्हणायचा, "गुडघे. गुडघे गेलेत."

मी तोवर जिल्ह्याच्या गावी छातीच्या सरकारी हॉस्पिटलात कामाला लागले होते. दोन वर्षांचं तांत्रिक शिक्षण, मग फुप्फुसाच्या तपासणीचं यंत्र. दिवसभर मी लोकांना फुंकायला लावते. अशी छाती आणि असा ओठांचा चंबू मी रोज दहा वेळा बघायचे. मामाला चार वेळा सांगितलं, एकदा येऊन जा. तो म्हणायचा, "काच कशाला तपासायची पोरी?"

शेवटी तो आला तो हाजीमुळे. परदेशातला एक नवा व्यापारी हाजीचा सगळा कोळसा उचलायला तयार झाला होता. त्याची अट अशी की भट्टीवर चढणाऱ्या माणसांच्या छातीचे दाखले हवेत. हाजीने मामाला सांगितलं, "उस्ताद, चांगला कागद आण आणि वर राहा. वाईट कागद असला तर मी काय करू? तुला घरी बसावं लागेल." भट्टीच्या पाठीवर राहायचं की खाली यायचं, एवढंच त्या कागदावर ठरणार होतं. मामासाठी ते जगायचं की नाही असंच होतं.

तो धुतलेला झगा घालून आला, अत्तर लावून. मामी मागे. हॉस्पिटलच्या एका मजल्याच्या जिन्यात तो तीनदा थांबला. तिन्ही वेळा त्याने मामीला विचारलं, "दमलीस का?"

"मी नाही दमले," मामी म्हणाली.

मी नाकाला चिमटा लावला आणि नळी तोंडात दिली. "मामा, पूर्ण श्वास घे. आणखी. आता एकदम जोरात फुंक. फुंक, फुंक, फुंक, थांबू नकोस!"

मामाने आवेशाने फुंकलं. चेहरा वांग्यासारखा झाला. निरोगी माणूस छातीतल्या शंभर भागांपैकी सत्तर-ऐंशी भाग हवा पहिल्या सेकंदात बाहेर टाकतो. मामाचे अडतीस भाग आले. बाकीची हवा बारा-तेरा सेकंद चिंचोळ्या नळातून झिरपावी तशी येत राहिली. पडद्यावरची रेघ झोळ पडलेल्या खाटेसारखी खाली वाकली.

"यंत्र बिघडलंय," मामा म्हणाला.

मी पुन्हा केलं. एकोणचाळीस. तिसऱ्यांदा सदतीस, आणि तो टेबलाला धरून खाली बसला. त्याच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. ती मी कागदाने पुसली, आणि खरं सांगते, मला दया नाही आली, किळस आली. 'सत्तावीस वर्षं धुतली' या त्याच्या बढाईची.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला. तो उजेडावर धरला तेव्हा मामा दचकला.

"हे काळं? हे सगळं काळं आतलं आहे?"

"ते काळं म्हणजे कोळसा नाही," मी म्हटलं. "फोटोत हवा काळी दिसते. तुझ्या छातीत हवा कोंडली आहे."

"हवा!" त्याचा चेहरा उजळला. "मग चांगलंच की! कोळसा नाही, नुसती हवा."

मी कपाळावर हात मारला. दुपारच्या सुट्टीत त्या दोघांना आवारातल्या बाकावर बसवलं. माझ्या डब्यात चीज भरलेला एक लांबट पाव होता आणि मामीने घरून तव्याएवढ्या फुगलेल्या भाकऱ्या आणल्या होत्या. मी पाव मोडला.

"हे बघ. आत काय दिसतं?"

"बारीक बारीक भोकं."

"तुझं फुप्फुस असं होतं. कोट्यवधी बारीक पिशव्या, प्रत्येकीला स्वतःची पातळ भिंत. रक्त त्या भिंतीवरून वाहतं आणि तिथेच हवा घेतं. शिवाय भिंती रबरासारख्या असतात. श्वास घेतला की ताणतात, सोडला की आपोआप आकसून हवा बाहेर ढकलतात. तुला काही करावं लागत नाही." मग मी भाकरी फाडली. पापुद्रे सुटून आत नुसता मोठा पोकळ खिसा उघडला. "आता तुझं हे झालंय. धुराने आणि सिगारेटने मधल्या भिंती खाऊन टाकल्या. शंभर पिशव्यांची मिळून एक भगदाड पिशवी झाली. हवा मावते भरपूर, पण रक्ताला घ्यायला भिंतच उरली नाही. आणि रबर गेलं. त्यामुळे हवा आत जाते आणि अडकते. जुनी हवा निघायच्या आत तू नवी घेतोस, ती वरच्या वर राहते. म्हणून छाती फुगलेली. तुला श्वास घेता येत नाही असं नाही मामा, तुला तो सोडता येत नाही. याला एम्फिसिमा म्हणतात."

मामा भाकरीच्या खिशात बघत राहिला.

"आणि काळं? काळं तर गेलं. बेडका पांढरा..."

"काळं गेलं नाही. आतच बसलंय. तुझ्या छातीला आता ते वर ढकलायचा जोर नाही."

"दूध?"

"दूध पोटात जातं."

"थोडं तरी छातीत..."

"एक थेंब छातीत गेला तर माणूस ठसक्याने मरायला टेकतो. दूध कधीच छातीत गेलं नाही. एकतीस वर्षांत एकदाही नाही."

बाजूला मामी खोकली. तिने सवयीने रुमालाचं टोक तोंडाला लावलं, आणि सवयीनेच ते मामाकडे केलं. त्याने बघितलं नाही. तो उठून फाटकाच्या दिशेने चालायला लागला आणि दहा पावलांवर झाडाला धरून उभा राहिला.

"या भिंती परत येतात का?" मामीने मला हळूच विचारलं.

"नाही. आहेत त्या टिकवायच्या. धूर सोडला तर टिकतात."

मला वाटलं, समजलं. दाखल्यावर खरे आकडे लिहून मी तो सहीसाठी डॉक्टरांकडे ठेवला.

तिसऱ्या दिवशी खिडकीत गरीब उभा. केस विंचरलेले, हातात ओळखपत्र.

"नाव?"

"अतवा," तो म्हणाला आणि खाली बघितलं.

ओळखपत्र मामाचं होतं. फोटोतला माणूस माझ्या आईचा भाऊ आणि समोरचा माणूस ज्याच्या मांडीवर मी लहानपणी खेळले तो.

"गरीब, मी कोण आहे ते माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे हो डॉक्टरीणबाई. म्हणूनच तर तुमच्याच खिडकीत आलो. बाहेरच्याने पकडलं असतं."

"हाजीने पाठवलं?"

"हाजी म्हणाला, चांगला कागद कुठूनही आणा. पत्ता उस्तादने सांगितला. ओळखपत्र त्यानेच दिलं." मग त्याने जरा पुढे वाकून विचारलं, "फुंकू का? माझी छाती दणकट आहे. शंभराच्या वर येतील."

हाजी लबाड आहे हे वाडीतली शेळीही सांगेल. पण मामाने, ज्याला मी भाकरी फाडून दाखवली होती, त्याने दुसऱ्याचा श्वास आपल्या नावावर लावायला पाठवला होता. आणि तोही माझ्या हातून.

"फुंक," मी म्हटलं. "पण नाव तुझं लिहीन."

त्याने फुंकलं. शहात्तर. धुरात राहूनही अजून शहात्तर. मी त्याचं नाव घातलं, डॉक्टरांच्या सह्या घेतल्या आणि दोन्ही कागद पिशवीत टाकून दुपारच्या गाडीने त्याच्याबरोबरच वाडीत गेले. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "उस्ताद मला मारेल."

"त्याला तेवढा दम आहे का?"

गरीबला हसू आलं, आणि मग त्याची त्यालाच लाज वाटली.

आम्ही पोचलो तेव्हा मोठ्या भट्टीचा धूर निळा व्हायला आला होता. मामा तिच्या पाठीवर निम्म्यात होता आणि खाली बसलेला होता. लांबून वाटेल, धूर बघतोय. जवळून दिसलं, त्याचे खांदे कानांपर्यंत गेलेत, तोंड मासोळीसारखं उघडं आहे आणि तो एकावर एक श्वास आत ओढतोय, सोडतच नाही. बसला होता तिथली माती तापलेली. झग्याला चटका लागल्याचा वास येत होता. खाली हाजी शलबी छत्री धरून उभा.

"उस्ताद, लिंपायचं का?" तो विचारत होता. "उस्ताद! बोल की! माल जळेल!"

मी चप्पल काढली की पायातच राहिली, ते आठवत नाही. चढले. डोळ्यांतून, नाकातून पाणी. धुराचा तो आंबट, तेलकट घास घशात बसला आणि मला कळलं की माझ्या लहानपणीच्या प्रत्येक जेवणाला हीच चव होती.

"मामा, माझ्याकडे बघ. आत घेऊ नकोस. घेतलंस तेवढं पुरे. आता सोड. गरम चहावर फुंकर घालतोस तशी. हळू. आणखी हळू. संपूर्ण सोड. संपली वाटली तरी सोड."

त्याचे डोळे बाहेर आले होते. त्याने फुंकर घातली. दोन. तीन. सातव्या-आठव्या फुंकरीला खांदे जरा खाली आले.

"लिंपा," तो पुटपुटला. मग माझ्याकडे बघून, "सांग त्यांना. लिंपा म्हणावं. पूर्वेकडून."

मी ओरडून सांगितलं. गरीब आणि मी त्याला बगलेत धरून खाली आणलं. खाली येताच हाजीने माझ्यापुढे हात केला.

"कागद आणला का पोरी?"

"आणले. दोन आहेत."

त्याने दोन्ही वाचले. छत्री काखेत मारली. मामाचा कागद चौघडी करून खिशात घातला, जसा काही तो फुटक्या बशीचा तुकडा आहे, आणि दुसरा उंच धरला.

"गरीबचा उत्तम आहे. मग उद्यापासून गरीब उस्ताद. अतवा, तू माझा भाऊ आहेस. घरी बस, दुधाच्या दोन पिशव्या घरपोच येतील. छाती धूत राहा, अल्ला बरं करेल."

एकतीस वर्षांचा हिशेब इतक्या वेळात झाला. गड्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "मुबारक गरीब!" दुसरा म्हणाला, "उस्तादच्या दोन पिशव्या नको असतील तर माझ्याकडे पाठव, पोरं आहेत घरात." आणि सगळे हसले. मामा जमिनीवर बसून ओठांचा चंबू करून हवा सोडत होता. त्याला उत्तर द्यायला हवा पुरत नव्हती. मला त्या गड्यांची, हाजीची, त्या ओल्या भिंतीची आणि माझ्या मामाचीही एकदमच शिसारी आली. त्याचा हात धरून मी त्याला घरी नेलं, पण तोंड फिरवूनच.

चार दिवसांनी मामा मामीला घेऊन हॉस्पिटलात आला. ओळखपत्र तिचं, माणूस तीच. मी तपासून घेतलं. त्याला राग यायला हवा होता, पण आला नाही.

मामी नाकाला चिमटा लावू देईना. "लाज वाटते. सगळ्यांसमोर काय फुंकायचं?"

"फुंक ग," मामा म्हणाला. "मी फुंकलं नाही का?"

"तुम्ही तर गरीबकडून फुंकून घेतलंत."

रांगेतल्या बायका हसल्या. मामा भिंतीकडे बघायला लागला. मामीने नळी तोंडात घेतली. मी म्हटलं, "फुंक, फुंक, फुंक," आणि माझ्या पाठोपाठ मामाही म्हणायला लागला, मुठी आवळून, भट्टीवर ओरडायचा त्याच आवाजात, "फुंक, फुंक, थांबू नकोस, सोड सगळं," आणि चौथ्या शब्दाला त्याचा स्वतःचाच दम संपला आणि तो खुर्चीत बसला.

एकसष्ट.

"चांगलं आहे?" त्याने खुर्चीतूनच विचारलं.

"चांगलं नाही. भिंती गेल्यात हिच्याही. पण बऱ्याच उरल्यात. आज चाळणी सोडली तर उरलेल्या राहतील."

मामा बराच वेळ श्वास जमवत होता. मग मामीला म्हणाला, "आजपासून चाळणीला हात लावायचा नाही. दमियाताला लेकीकडे जाऊ. समुद्राची हवा आहे तिकडे."

मामीने रुमाल नीट केला. "आणि तुम्ही? भट्टी सोडून राहाल?"

"मला आता कोण ठेवतंय तिकडे?"

"म्हणजे ठेवलं असतं तर गेला असतात."

ओठांचा चंबू करून त्याने हवा सोडली, मी शिकवली तशी, शेवटपर्यंत. मामी उत्तरासाठी थांबली. मग तिने आपला कागद माझ्याकडून घेतला आणि त्याच्या पुढे जिना उतरायला लागली.